आजीचं आयुष्य नोंदवून ठेवायचं तर: पहिल्या बैठकीपासून छापील पुस्तिकेपर्यंत

सहस्रचंद्रदर्शनाला किंवा वर्षश्राद्धाला हल्ली बऱ्याच घरांत एक पुस्तिका निघते. मुखपृष्ठावर काठपदराच्या साडीतला फोटो, आत मुलांची, सुनांची, नातवंडांची दोन-दोन पानं. कष्टाळू, प्रेमळ, सुगरण, सगळ्यांना धरून राहणारी. फोटो झाकून वाचलं तर ती पुस्तिका शेजारच्या आजींचीही असू शकते. लिहिणाऱ्यांची माया खोटी नसते, त्यांच्याकडे माहिती नसते. ती पहाटे किती वाजता उठायची, पाणी कोणत्या आडाचं, लग्नात अंगावर किती तोळे होते आणि त्यातला कोणता डाग कशासाठी मोडला, हे तिला कोणी विचारलेलंच नसतं.

ते विचारायला आठ ते दहा बैठका लागतात, प्रत्येकी जास्तीत जास्त 40 मिनिटांच्या. त्यातून सहा तासांच्या आसपास रेकॉर्डिंग होतं. एक तासाचं बोलणं कागदावर उतरवायला सवय नसलेल्या माणसाला पाच-सहा तास जातात, म्हणजे लिहिण्याचे तीस-पस्तीस तास धरा. कागदपत्रं आणि फोटो यांना दोन-तीन रविवार. नोकरी सांभाळून हे काम तीन-चार महिन्यांचं आहे. हजार पौर्णिमा म्हणजे 29,530 दिवस, साधारण 80 वर्षं 10 महिने. कार्यक्रम तेव्हा असेल तर ऐंशी पूर्ण झाल्या झाल्या कामाला लागावं. कार्यक्रम ठरलेला नसेल तर येत्या रविवारी लागावं. ऐकू येणं, दम आणि बोलण्याची हौस यांतलं काहीही मधल्या सहा महिन्यांत कमी होऊ शकतं.

आधी तिचं नाव

पहिल्या बैठकीत फक्त नावं घ्या. पाळण्यातलं नाव, हाक मारायचं नाव, शाळेत घातलेलं नाव, माहेरचं आडनाव आणि लग्नात तांदळात अंगठीने लिहून बदललेलं नाव. पुष्कळ घरांत नातवंडांना आजीचं माहेरचं नाव ठाऊकच नसतं, आणि तिचे लग्नाआधीचे सगळे कागद त्याच नावाने असतात. हे नाव चुकलं तर पुढचा शोध चुकला.

मग तिच्या आईचं नाव आणि तिच्या आईचं माहेर. मग आईच्या आईचं, आठवलं तर. घराण्याची वंशावळ साधारण पुरुषांच्या ओळीने लिहिलेली असते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या असोत किंवा कोल्हापूर-सांगलीकडे गावोगाव फिरणारे हेळवी वाचतात ती वंशावळ असो, ओळ चालते ती बापाकडून मुलाकडे. बाईच्या बाजूची ओळ फक्त बायकांच्या तोंडी असते. ती तीन पिढ्या मागे गेली तरी पुष्कळ झालं. कागद आडवा धरा, मधोमध आजी, वर तिची आई आणि आजी, डावीकडे भावंडं वयाच्या क्रमाने. भावंडांत लहानपणी गेलेलीही धरायची.

गावाचं नाव तेव्हाच्या तालुका-जिल्ह्यासकट लिहा आणि शेजारी आजचा जिल्हा. सिंधुदुर्ग 1981 मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, जालना त्याच वर्षी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून, लातूर 1982 मध्ये उस्मानाबादेतून. कागद शोधताना जुना जिल्हा लागतो. विदर्भातली आजी असेल तर 1956 पर्यंतचे सरकारी कागद मध्य प्रांताचे, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशाचे, हे ध्यानात ठेवा.

तारखा कशा पकडायच्या

कागदोपत्री जन्मतारीख 1 जून असेल तर ती खरी असेलच असं नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या. वय अंदाजाने सांगायचे आणि गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस त्या एकाच दिवशी येतो.

जन्मपत्रिका असेल तर उत्तम. तिच्यात शके, संवत्सर, महिना, तिथी, वार, नक्षत्र असतं. चैत्रापासून डिसेंबरपर्यंतच्या नोंदीत शकात 78 मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या नोंदीत 79. शके 1867, पार्थिव संवत्सर, माघ असं लिहिलं असेल तर 1867 आणि 79 मिळून 1946, म्हणजे त्या वर्षीचा फेब्रुवारीचा सुमार. इथे घरोघर चूक होते ती ही की सरसकट 78 मिळवतात आणि आजी एका वर्षाने मोठी होते. नेमकी तारीख जुन्या पंचांगावरून काढायची आणि वार जुळतो का ते पाहायचं. वार जुळला नाही तर शक किंवा तिथी वाचण्यात गफलत आहे. संवत्सर साठ वर्षांनी परत येतं, त्यामुळे शक पुसट असला आणि संवत्सर वाचता आलं तरी काम भागतं.

पत्रिका नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्या गावचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, मिळतं का पाहा. तिथे पुष्कळदा मुलीचं नाव नसतं. बापाचं नाव, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढंच असतं. म्हणून भावंडांचा क्रम आधी हवा. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात, त्या वाचणाऱ्याकडून उतरवून घ्याव्या लागतात. शाळेत एखादी इयत्ता झाली असेल तर जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा, माहेरच्या नावाने.

आणखी एक जागा कोणाच्या लक्षात येत नाही: माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी. लग्नात आलेल्या कळशीवर, परातीवर, डब्यावर नाव घातलेलं असतं. कोणाकडून, कोणाला, कधीकधी पूर्ण तारीख. ठिपक्यांनी कोरलेली ही अक्षरं झिजून दिसेनाशी होतात. भांडं चिंचेने घासू नका, आणखी झिजेल. कोरडं पीठ किंवा पांढरी रांगोळी बोटाने अक्षरांवर चोळा, वरवर कोरड्या फडक्याने पुसा. खाचेत पीठ राहतं आणि नाव उमटतं. बाजूने तिरका प्रकाश पाडून फोटो घ्या. एका कळशीवरून लग्नाची तारीख, मामाचं पूर्ण नाव आणि गाव अशा तिन्ही गोष्टी हाती लागू शकतात.

बाकी सगळं खुणेच्या घटनांवरून. "कधी झालं?" या प्रश्नाला उत्तर येत नाही. "पानशेत फुटलं तेव्हा तू कुठे होतीस?" याला येतं. पुण्यासाठी 12 जुलै 1961चा पूर. सातारा-कोकणासाठी कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967ची पहाट. गोव्यात मुक्तीच्या, म्हणजे 19 डिसेंबर 1961च्या, आधीचं की नंतरचं. मराठवाड्यात रझाकारांचे दिवस आणि 17 सप्टेंबर 1948. पश्चिम महाराष्ट्रातल्या काही घरांत गांधीवधानंतरचं अठ्ठेचाळीसचं जळीत. गावाकडे जवळपास सगळीकडे 1972चा दुष्काळ: परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, वाटलेली सुकडी आणि रोजगाराच्या कामावर फोडलेली खडी. गिरणगावात 18 जानेवारी 1982चा संप. लातूर-उस्मानाबादेत भूकंपाची, 30 सप्टेंबर 1993ची पहाट. पैशांवरूनही काळ कळतो. आणे-पैचा हिशेब सांगत असेल तर गोष्ट बहुधा 1 एप्रिल 1957 आधीची, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. तरी एक सावधगिरी ठेवा. नवे पैसे आल्यावरही बायका बरीच वर्षं चार आणे, आठ आणेच म्हणत होत्या.

खुणेची घटना, तेव्हा मांडीवर कोण होतं आणि पोटात कोण होतं: या तिन्हींवरून वर्ष बहुतेक वेळा पक्कं होतं.

बैठक

वेळ सकाळची, चहा-न्याहारी झाल्यावर. दुपारी झोप येते आणि संध्याकाळी दिवेलागणीला बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचं मन थाऱ्यावर नसतं. कवळी बसवलेली असावी, ऐकायचं यंत्र असेल तर सेल पाहून घ्यावा, आणि ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला बसावं. समोरासमोर खुर्च्या मांडल्या की मुलाखत होते आणि आजी सावरून बसते. तिच्या हाताशी काहीतरी काम द्या: लसूण सोलणं, वाती वळणं, गवार मोडणं. हात चालू असले की तोंड मोकळं होतं. फक्त शेंगा फोडणं नको, सगळं रेकॉर्डिंग टरफलांच्या आवाजाने भरतं.

फोन विमान मोडवर टाका. टेबलावर किंवा पाटावर घडी घातलेला पंचा ठेवून त्यावर फोन, तिच्यापासून एक-दीड फुटावर. पंचा नसेल तर प्रत्येक हालचालीचा धक्का आत ऐकू येतो. पंखा बंद, नाहीतर अगदी कमी. फोनचं तोंड पंख्याकडे नको. पदराला लावायचा छोटा माइक काही शे रुपयांत मिळतो आणि आवाज फार सुधारतो, पण तो खांद्याजवळ पिनेने लावा. छातीशी लावला तर पदर घासतो आणि बांगड्या वाजतात. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये सर्वांत वरचा दर्जा निवडा. डब्ल्यूएव्ही फाइल तासाला सुमारे 300 एमबी घेते, दाबलेली एम4ए 60 एमबीच्या आसपास. जागा असेल तर पहिली. सुरुवातीला एक मिनिट रेकॉर्ड करून इयरफोनने ऐका. हा एक मिनिट वाचवला की चाळीस मिनिटांची खरखर पदरी पडते.

सुरू केल्यावर तारीख, ठिकाण आणि खोलीत कोण कोण आहे ते मोठ्याने बोला. पहिल्या दिवशी तिची परवानगीही रेकॉर्डवर घ्या: "आजी, हे मी लिहून ठेवणार आहे, घरच्यांना वाचायला देणार आहे, चालेल ना?" मधे "हे लिहू नको" म्हणाली तर वेळ टिपून ठेवा आणि खरंच लिहू नका.

खोलीत कोण आहे याने सगळं बदलतं. आजोबा असतील तर उत्तरं ते देतात. मुलगा असेल तर "तसं नव्हतं गं, सत्तर साली नव्हे, एकाहत्तर" अशी दुरुस्ती सुरू होते आणि ती गप्प होते. सून समोर असली तर सासुरवासाची गोष्ट निम्म्यावर अडते. सगळ्यांत चांगली जोडी आजी आणि नात. त्याखालोखाल आजी आणि तिची धाकटी बहीण किंवा जुनी शेजारीण. दोघी एकमेकींना आठवण करून देतात आणि तुम्हाला नुसतं ऐकायचं काम उरतं.

नातवंडं परदेशात असतील तर व्हिडिओ कॉलवर गप्पा मारा, पण कॉलचं रेकॉर्डिंग घेऊ नका. आजीच्या शेजारी दुसरा फोन ठेवून त्यात आवाज घ्या. नेट अडखळलं तरी तिचा आवाज अख्खा राहतो.

काय विचारायचं

मोठा प्रश्न विचारला की छोटं उत्तर येतं.

"लहानपण कसं होतं गं आजी?"

"होतं आपलं. सगळ्यांचं असतं तसं."

इथे पुढे रस्ता नाही. तेच वस्तूपासून सुरू करा:

"पाणी कुठून आणायचीस?"

"आडावरनं."

"कोणाचा आड?"

"पाटलांचा. आमचा उन्हाळ्यात आटायचा."

"रहाट होता?"

"कुठला रहाट! नुसता पोहरा. दोर धरून धरून हे बघ…"

आणि ती तळहात पुढे करते. रेकॉर्डरला तळहात दिसत नाही. तुम्ही मोठ्याने म्हणा, "उजव्या तळहाताला, करंगळीच्या खाली वण आहे." ती हाताने उंची, लांबी, जाडी दाखवते तेव्हाही हेच करायचं: "म्हणजे गुडघ्याएवढा?" नाहीतर उतरवताना फक्त "एवढा, असा, हे बघ" उरतं.

उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात सातपर्यंत मोजा. बऱ्याचदा खरी गोष्ट त्या सात आकड्यांत येते. "हं, हं, अरे बापरे" हे तिच्या बोलण्यावर पडतं. मान हलवली तरी पुरते.

ज्या विषयांवर ती मोकळी बोलेल त्यांतला पहिला म्हणजे घर. पाठकोऱ्या कागदावर माहेरच्या घराचा नकाशा तुम्ही काढायला लागा, मुद्दाम थोडा चुकीचा. ती दुरुस्त करेल. दरवाजा कोणत्या दिशेला, ओटी, पडवी, माजघर, चूल, वैल कोणत्या बाजूला, कणगी कुठे, न्हाणी कुठे, गोठा किती जवळ. मग माणसं बसवा: कोण कुठे झोपायचं, पंगतीत बायका शेवटी बसायच्या तेव्हा काय उरलेलं असायचं, कावळा शिवला की चार दिवस नेमकं कुठे बसायचं, अंथरूण कोणतं, ताट कोण सरकवायचं. असा एक नकाशा दोन बैठका पुरतो. सासरच्या घराचा वेगळा काढा.

दुसरा विषय, एक अख्खा दिवस. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षातला, सुगीचे दिवस सोडून. उठल्यापासून निजेपर्यंत, क्रमाने. घड्याळ नव्हतं तर वेळ कशी कळायची: कोंबडा, शुक्राची चांदणी, गिरणीचा भोंगा, सकाळची एसटी? दळण किती, पायलीत सांगेल. चार शेरांची पायली, दोन मापट्यांचा शेर, दोन चिपट्यांचं मापटं. ही मापं गावागणिक थोडी बदलतात, म्हणून तिच्याकडचं मापटं अजून असेल तर तांदूळ भरून वजन करून लिहा.

तिसरा पैसा. घरचा पैसा कोणाच्या हाती होता हे सगळे सांगतात. तिचा स्वतःचा पैसा कुठला, हे विचारायचं: अंडी, दुधाचा रतीब, शिवणकाम, भिशी, भावाने दिलेली ओवाळणी. तो कुठे लपवायची? त्यातून पहिली वस्तू कोणती घेतली? दागिन्यांची यादी करा. ठुशी, पुतळ्यांची माळ, पाटल्या, जोडवी, प्रत्येकाचं वजन तोळ्यात (एक तोळा 11.66 ग्रॅम), कोणी घातला, कधी मोडला, त्या पैशांतून काय झालं. कोणाची फी, कोणाचं बाळंतपण, कोणती विहीर. घराचा खरा अर्थसंकल्प या यादीत सापडतो.

नाजूक गोष्टी चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर. "मुलं किती?" याला हयात मुलांची संख्या येते. "बाळंतपणं किती झाली?" म्हटलं की वेगळा आकडा येतो. गेलेल्या लेकरांची नावं विचारा, नाव ठेवलं होतं का ते विचारा. ती रडली तर रेकॉर्डर घाईघाईने बंद करू नका, आणि विषयही बदलू नका. पाण्याचा तांब्या पुढे करा आणि थांबा. पण त्या दिवशी त्यापुढे दुसरं काही विचारायचं नाही, आणि एकटं सोडून निघायचंही नाही.

ओव्या, पाळणे, उखाणे मागून मिळत नाहीत. "ओवी म्हण ना" म्हटलं की "आता कुठल्या आठवतात" असं उत्तर येतं. जातं असेल तर खुंट्याला हात लावू द्या, मूठभर ज्वारी घाला. हात फिरायला लागला की ओळ येते, कारण ती त्या फेऱ्याच्या तालावरच बसलेली असते. जातं नसेल तर ताक घुसळताना किंवा नातवाला मांडीवर घेऊन पाहा. अर्धी ओळ आली तरी लिहा, तिच्या बहिणीकडे उरलेली अर्धी असते. आजीची पाठांतरं किरकोळ समजू नयेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून चालवलेल्या कामात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या जमल्या.

स्मृती कमी होत चालली असेल तर बैठक पंधरा मिनिटांची. "मला ओळखलंस का?" हा प्रश्न कधीच नाही, ती परीक्षा होते. नवीन आठवत नसलं तरी जुनं पुष्कळ शिल्लक असतं. चुकीचं सांगितलं तर खोडू नका, नुसतं टिपा. वास, चव, गाणं यांनी सुरुवात करा.

चव आणि कापड

"अंदाजाने घालायचं" याचे ग्रॅम काढता येतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा. तिला मोजून घालायला सांगू नका, तिचा हात बिघडतो. तिखटाचा डबा, मिठाची बरणी, तेलाचं भांडं, पिठाचा डबा यांची वजनं आधी लिहून ठेवा. तिला नेहमीसारखं करू द्या. झाल्यावर प्रत्येक डबा परत काट्यावर. फरक म्हणजे तिचा अंदाज. एकाच पदार्थाचं हे तीन वेळा करा आणि सरासरी घ्या, कारण कांदा किती तिखट, पीठ किती जुनं यावर ती दर वेळी थोडं बदलते. आच आणि वेळ वेगळी नोंदवा. भाजणीत धान्यं किती यापेक्षा प्रत्येक धान्य कुठवर भाजायचं याला महत्त्व असतं. "खमंग वास आला की" हे पुरेसं नाही. त्या क्षणी तांदळाचा रंग काय, हरभराडाळ हाताला कशी लागते, ते लिहा आणि फोटो काढा. मीठ खडे की बारीक, मिरची कोणती, गूळ कुठला, हेही. लोणच्याचं प्रमाण बिघडतं ते बहुधा इथेच: खड्याच्या मिठाचं माप बारीक मिठाने भरलं की त्याच वाटीत मीठ जास्त मावतं.

गोधडी हा तर कुटुंबाचा दस्तऐवज. जुनी गोधडी सावलीत, उजेडात अंथरा. प्रत्येक तुकड्याला कागदाच्या चिठ्ठीवर नंबर घालून बारीक टाचणीने अडकवा, वरून सरळ फोटो काढा, मग आजीला शेजारी बसवून नंबराने विचारत जा. हा कोणाचा शर्ट, हे इरकल लुगडं कोणाचं, हे फुलाफुलांचं झबलं कुणाचं. कडेचा आणि मधला धावदोरा एकाच हाताचा आहे का तेही पाहा. टाके लहान-मोठे झाले असतील तर दोघींनी मिळून भरलेली असू शकते. एका गोधडीत वीस-पंचवीस कापडं सहज निघतात आणि प्रत्येकामागे एक माणूस. टाचण्या मोजून काढायला विसरू नका. कोणीतरी पांघरणार आहे.

फोटो आणि कागद

काचेच्या फ्रेममधला फोटो दमटपणाने काचेला चिकटला असेल तर ओढू नका, चेहराच काचेवर राहतो. काचेवरूनच, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, जरा तिरपे उभे राहून फोटो घ्या. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो काढताना दात साफ करायचा धागा फोटोखालून करवतीसारखा सरकवा. सुटत नसेल तर पान अख्खं स्कॅन करा. साध्या आकाराच्या फोटोला 600 डीपीआय, पासपोर्ट आकाराला 1200. मागची बाजूही स्कॅन करायची, स्टुडिओचा शिक्का तिथे असतो. मागे बॉलपेनने लिहू नका, उमटतं. 4बी पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने.

लग्नाचा समूहफोटो टीव्हीवर मोठा करून दाखवा आणि डोकी मोजून नंबर घाला. "डावीकडून" म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडून, हे एकदा ठरवून टाका. शेवटी विचारा: यात कोण नाही? का नाही? या प्रश्नाची उत्तरं फोटोपेक्षा लांब असतात.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की दाबले जातात आणि छापण्याजोगे राहत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फायलींच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस ठेवा, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. तीन प्रती: घरचा संगणक, बाहेरची हार्ड डिस्क, आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. पेन ड्राइव्हवर विसंबू नका.

आजी आधीच गेली असेल तर तेराव्याच्या आत दोन गोष्टी करा. तिचा फोन रिचार्ज करून चालू ठेवा आणि व्हॉइस नोट, फोटो, चॅट उतरवून घ्या. नंबर बंद पडला, खातं पुसलं गेलं की आवाज गेला. आणि ट्रंक रिकामी करायला निघालेल्यांना थांबवा. जुन्या भिंतीवरच्या दिनदर्शिका रद्दीत घालू नका. त्यांच्या चौकोनांत दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, धुणंवालीचे पैसे, नातवाचा पहिला दात असं सगळं तिच्या अक्षरात असतं. दिवसकार्याला जमलेल्या चुलत जावा, नणंदा, मैत्रिणी यांच्याशी तेव्हाच बोला, एकेकीशी वेगवेगळं. गोष्टी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा, कोणी काय सांगितलं त्या नावासकट.

उतरवणं आणि छापणं

बोलून टाइप होणारी साधनं प्रमाण मराठीला बरी चालतात. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी आली की गडबडतात. पहिला खर्डा त्यांच्याकडून घेतला तरी कान लावून पुन्हा तपासावं लागतं. दर पाच मिनिटांनी वेळेची खूण घाला, म्हणजे शंका आली की तिथेच जाता येतं.

भाषा सुधारू नका. "व्हती", "गेल्ती", "इलंय", "जाऊन राहिली" हे जसं आहे तसं राहू द्या. शिकलेल्या मुलांना इथे लाज वाटते आणि आजी एकाएकी पाठ्यपुस्तकासारखी बोलायला लागते. अनोळखी शब्द वाटला तर पानाच्या तळाशी अर्थ द्या. नुसते "अगं काय सांगू" सारखे शब्द वारंवार येत असतील तर थोडे गाळले तरी चालतात, वाक्याचा क्रम मात्र तिचा हवा.

पुस्तिकेचा आकार डेमी, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. मध्ये पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा: 48 किंवा 64. त्यापुढे पुस्तक मधे फुगतं, तेव्हा चिकटबांधणी. प्रती शंभराच्या आत असतील तर डिजिटल छपाई परवडते. आतला कागद 80 जीएसएम, फार पांढरा नको, डोळ्यांवर चमकतो. मुखपृष्ठ 250 ते 300 जीएसएम. वाचणारे बरेच साठीपुढचे, म्हणून अक्षर 14 पॉइंटांचं, ओळींत मोकळी जागा. मजकूर युनिकोडमध्ये द्या. छापखान्यात जुना फॉन्ट असेल तर रूपांतरात जोडाक्षरं फुटतात. प्रूफात "ऱ्या", "ऱ्ह", "ॲ", "र्ष्य" असलेले शब्द मुद्दाम शोधून पाहा: सुऱ्या, कऱ्हाड, ॲल्युमिनियम, ईर्ष्या. सर्वांत जास्त चुका माणसांच्या नावांत राहतात, कारण ती कोणताच तपासनीस प्रोग्राम ओळखत नाही.

पुस्तिकेत आजीचं बोलणं आधी, घरच्यांचे लेख नंतर आणि थोडे. नकाशे, दागिन्यांची यादी, गोधडीचा नंबर घातलेला फोटो, पाककृती आणि बाईच्या बाजूची वंशावळ यांना स्वतंत्र पानं द्या. शेवटी चार पानं कोरी सोडा.

छापायला देण्याआधी प्रूफ तिला मोठ्याने वाचून दाखवा, दोन-तीन सकाळींत विभागून, रेकॉर्डर चालू ठेवून. "असं नाही गं, ती काळी म्हैस नव्हती, भुरी होती," अशा दुरुस्त्या येतील आणि त्यांच्यासोबत आजवर न सांगितलेल्या दोन-चार गोष्टीही. काही ओळी ती काढायला लावेल. त्या काढा. पुस्तिका वाटून झाल्यावर महिनाभर नातेवाइकांचे फोन येतील, आमच्या आईचं नाव चुकलंय, तो ओढा नव्हे, पाट होता. कोरी चार पानं त्यासाठी आहेत. घरच्या प्रतीत पेनाने लिहायचं, खाली तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव.